सुजाताताईंनी न केलेली सही

सुजाताताई,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी उर्से टोलनाक्याच्या रांगेत होतो. तुमचा भाचा सांगत होता, "मावशी जेवून आडवी झाली होती. चार वाजता चहाला हाक मारायला गेलो तर..." पुढची गाडी निघून गेली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मला गाडी हलवायचं सुचेना. नाका ओलांडून मी कडेला थांबलो. रडू आलं नाही. मनात पहिलं काय आलं सांगू? आता माझं मराठी कोण दुरुस्त करणार? लोणावळ्यात जन्म गेला, वडिलांची रेल्वेतली नोकरी, इंग्रजी शाळा. चाळिशी आली तरी मी "मी तुमची मदत केली" असं लिहायचो, आणि तुम्ही पेन्सिलीने "तुमची"वर काट मारून वर "तुम्हाला" लिहायचात. काही बोलायचा नाहीत. फक्त काट.

तुम्ही आमच्या पुण्याच्या ऑफिसात पहिल्यांदा आलात तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चिनी भाषेचा जाणकार हवा म्हणून त्यांनी कळवलं होतं, आणि त्यांना कुणीतरी जीन्स घातलेला, नुकताच परदेशातून शिकून आलेला मुलगा येईल असं वाटलं होतं. आलात तुम्ही. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शब्दकोश आणि डबा. वय साठीला टेकलेलं. साहेबांनी विचारलं, "चिनी कुठे शिकलात?" तुम्ही म्हणालात, "सुरुवात मळवलीला झाली." त्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती हे मला पुढे संध्याकाळच्या लोकलमध्ये कळलं. तुम्ही मळवलीला उतरायचात, मी शेवटी लोणावळ्याला. तेवढ्या वाटेत तुम्ही तुकड्यातुकड्याने सांगितलंत. तुमचे वडील एका बंगल्याची राखण करायचे आणि भाताची थोडी जमीन करायचे. भाजे लेण्यांकडे जाणारी माणसं तुमच्या दारावरून जायची. एकदा मुंडण केलेली एक म्हातारी भिक्खुणी पाणी मागायला थांबली. भाषा कळेना. तिने छत्रीच्या टोकाने ओल्या मातीत एक चिनी अक्षर काढलं आणि तांब्याकडे बोट दाखवलं. पाणी. तुम्ही बारा वर्षांच्या. ते अक्षर तुम्ही दिवसभर अंगणात काढत बसलात. मोठेपणी पाली शिकायला पुण्याला गेलात तेव्हा कळलं की आपल्याकडे हरवलेली कितीतरी सूत्रं चिनी भाषांतरात शिल्लक आहेत. तुम्ही मला म्हणाला होतात, "आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, पण घरात पुस्तक एकही नव्हतं. मी म्हटलं, आपलं जे दुसऱ्याच्या घरी जपून ठेवलंय ते जाऊन वाचायला नको?"

आणि अशा बाईला आम्ही कशासाठी बोलावलं होतं? चोरवाटेने येणाऱ्यांची टिपणं वाचायला. वीज, पाणी, रेल्वे अशा ठिकाणच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी बाहेरून घुसलं, तर ते कसं घुसलं आणि काय करून गेलं हे शोधायचं आमचं काम. घुसणारे बहुतेक वेळा चोर असतात. पण कधीकधी त्यांच्यामागे एखाद्या देशाचं सरकार असतं. मग ती पगारी माणसं असतात, शिस्तीत येतात, आणि त्यांना न्यायचं काहीच नसतं. वेळ आली तर तुमच्या घरातला दिवा आम्हाला इथे बसून विझवता येतो, एवढं दाखवायचं असतं. मी हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात मोठ्या आवेशात समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आणि यांची अक्षरं कशी असतात?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर सगळ्यांची सारखीच." तुम्ही म्हणालात, "अक्षर सारखं असेल. वाक्य सारखं नसतं."

मग ते भात काढणीचे दिवस आले. एका सकाळी दहाच्या सुमाराला मावळातल्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा खटका, पडत गेला. त्याने माऊस हातात धरला तरी बाण दुसऱ्याच्याच हुकमाने चालत होता. पासवर्ड बदललेला. मळवलीपासून पुढची कितीतरी गावं अंधारात, म्हणजे दिवसाउजेडी अंधारात, पंप बंद, फ्रीज बंद, मोबाइलचे टॉवर एकेक करून बंद. शेवटी उपकेंद्रातली माणसं आवारात उतरली, हातांनी ब्रेकर चढवले, तेव्हा दुपार उलटून वीज आली. त्या दिवशी तुमची रजा होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीच्या वेळी आलात, थोड्या ओढलेल्या दिसत होतात. मी विचारलंही नाही.

आठवडाभरात उपकेंद्रात घुसवलेला तो प्रोग्राम आमच्या हाती लागला. त्यात लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली टिपणं होती, आणि ती चिनीत होती. ऑफिसात जवळजवळ आनंदच झाला, ताई. खोटं कशाला सांगू, मलाही झाला. पेपरांनी आधीच चिनी सरकारचं नाव घेतलं होतं, आता पुरावा आला. मी दोन दिवसांत अहवाल लिहून काढला. त्यावर भाषेची जाणकार म्हणून तुमची सही हवी होती. तुम्ही कागद घरी नेलेत आणि परत आणलेत ते पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले.

मीटिंगमध्ये साहेब, मी आणि तुम्ही. तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत.

"इथे 'वीस हजार' लिहिलंय. पण चिनी माणूस वीस हजार म्हणत नाही. त्यांच्याकडे दहा हजारांना वेगळा शब्द आहे. ते म्हणतात, दोन दहाहजार. याने वीस आणि हजार असे शब्द जोडलेत."

साहेब म्हणाले, "मग?"

"आपल्यातला कुणी एक लाखाला 'शंभर हजार' म्हणेल का?"

तुम्ही पुढचं पान काढलंत. "आपण 'उद्या ये' म्हणतो. तेही तसंच म्हणतात, वेळ आधी आणि क्रिया नंतर. हा सगळीकडे 'ये उद्या' लिहितो. हे आईकडून शिकलेलं चिनी नाही. दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत विचार करून, कोशात बघून लिहिलेलं आहे."

"म्हणजे त्यांनी केलं नाही असं तुमचं म्हणणं?"

"असं मी कुठे म्हटलं? त्यांनी भाड्याने बाहेरचा माणूस घेतला असेल. मुद्दाम चुका केल्या असतील. किंवा दुसऱ्याच एखाद्या देशाने यांचं नाव पुढे येईल अशी सोय केली असेल. मला माहीत नाही. आणि तुमच्या अहवालात लिहिलंय की भाषेवरून देश सिद्ध होतो. तसं होत नाही. मी सही करणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ताई, तिथे मी काय बोललो ते तुम्हाला आठवत असणारच, आणि तुम्ही पुढे एकदाही ते काढलं नाहीत. मी म्हटलं, "मॅडम, खुर्चीत बसून शब्द मोजायला तुमचं काय जातंय? ज्यांच्या घरात त्या दिवशी हाल झाले त्यांना विचारा." कागद जुळवलेत, पिशवीत घातलेत आणि निघालात.

त्या रविवारी साहेबांनी मला तुमच्याकडे पाठवलं. सही घेऊनच ये म्हणाले. मी पहिल्यांदाच तुमच्या घरी येत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून पसरलेला, कुठे झोडणी चाललेली. दाराशी आलो तर आतून घूं घूं असा आवाज येत होता. खिडकीपाशी खाटेवर तुमच्या आई बसल्या होत्या, नाकात नळी, मांडीवर सूप, तांदूळ निवडणं चाललेलं. खाटेखाली ऑक्सिजनचं मशीन.

"ये रं बाबा, हितं बस," त्या म्हणाल्या. "सुजी दुकानात गेलीया, यील आता. लाइटच्या हापिसातला न्हवं का तू?"

मी म्हटलं, "हो आजी, तसंच काहीतरी."

"मंग सांग त्यास्नी, आसं न सांगता घालवू नगा. त्या दिशी ह्ये मशीन बंद पडलं. बारका बाटला व्हता, त्यो घटकाभरात सरला. फोनबी लागंना. सुजीनं हाका मारल्या तवा श्येजारचा भाऊ भाताची पोती टाकून पिकअप घेऊन आला. मला काय आठवत न्हाई. सुजी म्हनती, लोनावळ्याच्या दवाखान्यात पोचुस्तवर व्हट निळं पडलं व्हतं."

हे त्यांनी तांदळातले खडे काढता काढता सांगितलं. माझ्या हातातली फाइल मला कुठे ठेवू असं झालं. तेवढ्यात तुम्ही साखरेची पुडी घेऊन आत आलात. मला बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही. चहा टाकलात.

मी ओट्यापाशी उभा राहून विचारलं, "तुम्ही हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं होतं?"

"की तुमच्याच आईवर बेतलं होतं."

तुम्ही चहा गाळत होतात. "सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, मग तर तुम्ही आधी सही करायला हवी. राग मला आहेच, नितीन. पिकअपमध्ये मी तिचा एकेक श्वास मोजत होते. जन्मात इतका राग आला नव्हता. पण म्हणूनच सांगते. ज्याने माझ्या आईचा श्वास काढून घेतला त्याचं नाव मला लिहायचंय. दुसऱ्या कुणाचं नाही."

मी म्हटलं, "नाव लिहिलं नाही तर तो सुटेल."

"आणि चुकीचं लिहिलं तर सुटणार नाही? तेव्हा तर कायमचा सुटेल. कुणी शोधणारसुद्धा नाही."

आपण बाहेरच्या खोलीत आजींपाशी येऊन बसलो. साहेब वरच्यांशी काय बोलत होते ते मला ठाऊक होतं, आणि मी ते तिथे बोलून गेलो: आपणही गप्प बसू नये, त्यांचीही चार गावं अंधारात घालावीत, असं काही जणांचं म्हणणं आहे. आजींना ऐकू कमी येतं असा माझा समज होता. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तिकडंबी आसंल की येखादी, नाकात नळी घातल्याली. तिनं काय केलंय?"

मशीन चालू होतं. नंतर तुम्ही मला पिठलं-भाकरी वाढलीत, नव्या तांदळाचा भात वाढलात, आणि सहीचा विषय आपण दोघांनीही काढला नाही. निघताना मी त्या मीटिंगमधल्या बोलण्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, "जा आता, नाहीतर गाडी चुकेल तुझी." तोपर्यंत तुम्ही मला अहो-जाहो करत होतात. त्या दिवसापासून "तू" झालो. माफीचं उत्तर मला मिळालं असं मी धरून चाललो.

सोमवारपासून मी अहवाल पुन्हा लिहायला घेतला. जिथे जिथे देशाचं नाव होतं तिथे थांबून स्वतःला विचारायचो, हे मला माहीत आहे की मला हवं आहे? तीन दिवस लागले. "घुसखोरी सराईत आणि सरकारी पाठबळ असल्याखेरीज अवघड अशी आहे, मात्र हाती असलेल्या पुराव्यावरून कुठल्याही एका देशाचं नाव घेता येत नाही." हे वाक्य लिहायला जेवढा वेळ लागला तेवढा आधीच्या पूर्ण अहवालाला लागला नव्हता. तुमच्या खुणांची पानं मी शेवटी जोडली.

साहेब संतापले. "एका म्हातारीच्या व्याकरणासाठी?"

मी म्हटलं, "साहेब, चुकलं तर खाली सही आपली आहे."

त्यांनी तुमच्या खुणांची पानं पुन्हा एकदा चाळली. मग त्यांनी सही केली. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं, की त्यांनी सही केली आणि अहवाल तसाच पाठवला. वर काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. कुठल्या परक्या गावातली वीज गेल्याची बातमी त्या वर्षी माझ्या तरी वाचण्यात आली नाही. तुमच्यामुळे असं म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. तुमचा करार मात्र पुढे वाढवला नाही. तुम्ही डबा आणि शब्दकोश पिशवीत भरताना म्हणालात, "बरं झालं. सूत्र मधेच टाकून आले होते. ते वाट बघत असेल."

खरं सांगायचं तर आपली ओळख तिथून सुरू झाली. महिन्यातून एखाद्या रविवारी मी यायला लागलो. तुमचं चिनीतून मराठीत चाललेलं काम मला वाचून दाखवायचात आणि कुठे अडतं का विचारायचात. मला ऐंशी टक्के कळायचं नाही, पण कान लागायला लागला. विहारात रविवारी सकाळी तुम्ही गावातल्या बायकांना आणि पोरींना पाली शिकवायचात. त्यांच्याबरोबर मागे बसून मीही वंदना अर्थासकट शिकलो. लोहगडवाडीची एक मुलगी, जिच्या आईचा ट्रेकवाल्यांसाठी पोह्यांचा स्टॉल होता, ती तुमच्याकडे चिनी शिकायला लागली तेव्हा तुम्ही मला मुद्दाम फोन करून सांगितलंत, "आता दोन झाल्या मावळात."

आणि आपलं भांडण. ते एकच होतं आणि कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, हे युद्ध आहे. तुम्ही म्हणायचात, "युद्धात समोर कोण आहे ते दिसतं. घरच्यांना कळतं आपल्या माणसाला कुणी मारलं. इथे मारणारा दुसऱ्याचा मुखवटा घालून येतो, आणि ज्याचं सरकार त्याला पाठवतं ते म्हणतं, आम्ही नव्हेच. याला युद्ध म्हणून तुम्ही लोक त्याला मान देता." मी म्हणायचो, ताई, मान देऊ नका, पण तयारी तर ठेवायला हवी. तुम्ही म्हणायचात, तयारी ठेव की, कोण नको म्हणतंय. आवारात उतरून हातांनी ब्रेकर चढवणारी माणसं ठेव. आपण दोघंही थोडे थोडे बरोबर होतो असं मला अजून वाटतं. अजून भांडता आलं असतं.

आणि दर वेळी शेवटी तुम्ही तो प्रश्न विचारायचात. "नितीन, आपलं सरकारही दुसरीकडे असंच करतं का रे?"

मी चहा प्यायचो. कपात काही नसलं तरी प्यायचो. मग विषय बदलायचो.

काल तुमचा जलदान विधी झाला. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं मावत नव्हती. तुमच्या विद्यार्थिनींनी वंदना म्हटली, एकही शब्द चुकला नाही. शेजारचे भाऊ पाणी वाटत होते. सगळं झाल्यावर मी आजींच्या खाटेपाशी जाऊन बसलो. लेक गेली आणि आई मागे राहिली. त्यांना काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी माझंच सांगायला लागलो. म्हटलं, आजी, ताई मला एक प्रश्न विचारायच्या आणि मी कधी उत्तर दिलं नाही. त्यांना वाटत असणार की मला सगळं ठाऊक आहे, पण नोकरीमुळे बोलता येत नाही. मीच तसं वाटू द्यायचो. तेवढ्यापुरता मी मोठा माणूस व्हायचो. खरं म्हणजे मला काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला त्यातलं कुणी काही सांगत नाही. आता हे सांगायचं राहून गेलं.

आजींनी नळी सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे रडून सुजले होते, पण त्या हसत होत्या.

"आरं, तिला ठावं व्हतं."

"काय?"

"सुजी म्हनायची, नित्याला इचारलं की त्यो कपात बघतो. म्हंजी त्याला ठावं न्हाई. ठावं आसतं तर कवाच बोलला आसता, त्याच्या प्वाटात काय ऱ्हातंय व्हय?"

ताई, तुमच्या जलदान विधीच्या दिवशी मी मोठ्याने हसलो. पलीकडच्या बायका वळून बघायला लागल्या.

मी म्हटलं, "मग विचारायच्या कशाला दर वेळी?"

"तू कवा म्हनतोस 'ठावं न्हाई', त्येची वाट बघत व्हती. म्हनायची, यील, यील. जरा येळ लागंल."

मी आजींचा हात हातात घेतला. म्हटलं, "आजी, मला माहीत नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "आगं, ह्याला ताट वाढा. कवाचा उपाशी बसलाय."